महिन्याचे व्हिजिटर विसरा, गर्दीचा सेकंद मोजा! कॅशिंग सर्व्हरवर किती लोड येईल ते काढायची पद्धत



ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं की होस्टिंगवाला पहिला प्रश्न विचारतो, "महिन्याला व्हिजिटर किती येतील?" आपण अंदाजे एक आकडा ठोकून देतो. तो लगेच एक प्लॅन पुढे करतो, "यात कॅशिंग पण आहे, काही टेन्शन नाही" म्हणतो, आणि आपण पैसे भरून मोकळे. मग दिवाळीच्या आठवड्यात जाहिरातीवर पैसे टाकले, लोकं आले, आणि नेमक्या त्याच वेळी साइट गोल-गोल फिरत बसली. जाहिरातीचे पैसे गेले, ग्राहक गेला, आणि ज्याला पहिल्यांदा असा अनुभव आला तो पुन्हा येत नाही.

हे टाळता येतं. त्यासाठी कॉम्प्युटर इंजिनिअर असायची गरज नाही, मी स्वतः बीबीए आहे. गुणाकार-भागाकार आला की पुरे. व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून पूर्ण गणित इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी समजून घ्या: कॅश म्हणजे काउंटरवरच्या पुड्या

इथे कॅश म्हणजे रोकड नाही बरं का. किराणा दुकान डोळ्यासमोर आणा. साखर, तूरडाळ, पोहे यांच्या एक-एक किलोच्या पुड्या आपण सकाळीच बांधून काउंटरजवळ ठेवतो. ग्राहक आला, पुडी दिली, पैसे घेतले, संपलं. पण कोणी म्हणालं की मला सव्वादोन किलो अमुक डाळ आणि त्यात तमुक मिसळून द्या, तर माणूस मागे गोदामात जातो, पोतं उघडतो, मोजतो, बांधतो. तोवर काउंटरवर रांग लागते.

वेबसाइटचंही तेच आहे. तुमचं वूकॉमर्स किंवा तसलंच दुकान दर वेळी पान नव्यानं तयार करतं. डेटाबेसमधून किंमत काढा, फोटो जोडा, स्टॉक बघा, पान बांधा. हे झालं गोदाम. कॅशिंग सर्व्हर म्हणजे पुढचा काउंटर. एकदा बांधलेलं पान तो जवळ ठेवतो आणि पुढच्याला तेच देतो. काउंटरवरून काम भागलं तर त्याला 'हिट' म्हणतात, मागे गोदामात जावं लागलं तर 'मिस'. शंभरातून किती हिट झाले तो 'हिट रेशो'.

काउंटरची ताकद किती असते? व्हार्निश नावाचं कॅशिंग सॉफ्टवेअर २००६ मध्ये नॉर्वेतल्या 'व्हेर्देन्स गांग' या वर्तमानपत्राच्या साइटसाठी तयार झालं. आधी तिथे स्क्विड नावाच्या जुन्या कॅशिंग सॉफ्टवेअरवर बारा मशीन चालत होत्या. व्हार्निश आल्यावर तीन मशीनवर काम भागलं. पुड्या ठेवायची पद्धत बदलली. म्हणजे नीट लावलेला कॅश पैसे वाचवतो हे खरं आहे. प्रश्न एवढाच, की तुमच्या दुकानात तो किती वाचवेल ते आधी कसं कळेल?

महिन्याचा आकडा का फसवतो?

आपल्या जिल्ह्यात कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यासमोर गाड्यांची रांग आपण सगळ्यांनी बघितली आहे. हंगामात एकूण किती क्विंटल कापूस आला, या आकड्यावरून रांग किती लांब होती ते सांगता येतं का? नाही. सकाळी एकदम किती गाड्या आल्या आणि काटा एका गाडीला किती वेळ घेतो, यावर रांग ठरते. काटा दुपारी रिकामा होता याचा सकाळी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काय फायदा?

वेबसाइटचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे दहावीचा निकाल. १६ जुलै २०२१ ला दुपारी एक वाजता राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ऑनलाइन लागणार होता. कोरोनामुळे परीक्षा झाली नव्हती, शाळेच्या मूल्यमापनावर निकाल होता, आणि पंधरा लाखांहून जास्त मुलं वाट बघत होती. एक वाजला आणि साइट उघडेना. मुलं, पालक, सायबर कॅफेवाले, सेवा केंद्रवाले कित्येक तास रिफ्रेश करत बसले.

त्या दिवशी आत काय बिघडलं होतं त्यात आपण पडत नाही. पण अशा दिवसाचं गणित कसं मांडायचं ते बघू. समजा पंधरा लाख मुलं.

- दिवसभरात सारखी विभागली तर १५,००,००० भागिले ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला फक्त १७ जण. एखादा साधा सर्व्हरही हसत झेलेल.
- पण निकाल कोणी रात्री दोन वाजता बघत नाही. समजा चाळीस टक्के मुलं पहिल्या पंधरा मिनिटांत आली. सहा लाख भागिले ९०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ६६७ जण.
- पान उघडलं नाही की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. प्रत्येकानं सरासरी तीनदा दाबलं तर सेकंदाला २,०००.

मुलं तीच, दिवस तोच, आणि आकडा १७ वरून २,००० वर गेला. शेवटची पायरी नीट बघा. साइट हळू झाली की लोड कमी होत नाही, वाढतो. म्हणून ऐन गर्दीत बंद पडलेली साइट आपोआप सावरत नाही.

यात अजून एक धडा आहे. निकालाच्या साइटवर सीट नंबर टाकायचं पान सगळ्यांना सारखंच असतं. ते कॅशमधून कितीही जणांना देता येतं. पण सीट नंबर टाकल्यावर येणारं पान प्रत्येकाचं वेगळं. तिथे काउंटरवरची एकच पुडी सगळ्यांना चालत नाही. तुमच्या दुकानात हे 'वेगळं' पान कुठलं? कार्ट, पत्ता आणि पेमेंट. हे लक्षात ठेवा, शेवटी सगळं इथेच येणार आहे.

तीन आकडे, तीन वेगळ्या गोष्टी

लोकं 'ट्रॅफिक' म्हणताना तीन गोष्टी एकत्र करतात. त्या वेगळ्या करा.

पहिला, सेकंदाला किती रिक्वेस्ट. ब्राउझर सर्व्हरकडे जेवढ्या वेळा काही मागतो तेवढ्या रिक्वेस्ट. एक पान म्हणजे एक रिक्वेस्ट नाही. फोटो, डिझाइनच्या फाइल, स्क्रिप्ट असं सगळं वेगवेगळं मागितलं जातं.

दुसरा, एकाच वेळी किती जण. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपची फायनल हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोकं बघत होती. हा आकडा 'एका क्षणी दुकानात किती माणसं उभी आहेत' याचा आहे, 'मिनिटाला किती आली' याचा नाही.

तिसरा, सेकंदाला किती एमबी बाहेर जातात. समजा फायनल बघणाऱ्या प्रत्येकाला फक्त १ एमबीपीएस लागलं, तरी ५.९ कोटी एमबीपीएस झाले. हे एका जागेवरून पाठवणं शक्यच नाही. म्हणून व्हिडिओचे तुकडे गावोगावच्या कॅशिंग सर्व्हरवर ठेवून तिथून वाटतात. आपलं दुकान छोटं आहे, पण फोटो जड असतील तर आपलाही सर्व्हर आधी इथेच अडकतो.

आता तुमच्या दुकानाचं गणित

एक नमुना दुकान घेऊ. यवतमाळहून तूरडाळ, पापड, कुरडया आणि सरगुंडे ऑनलाइन विकणारं. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पायरी १. महिन्याला ६०,००० भेटी. दिवसाला सरासरी २,०००.

पायरी २. गर्दीचा दिवस. दिवाळी किंवा रील चाललेला दिवस सरासरीच्या चौपट धरू. ८,००० भेटी.

पायरी ३. गर्दीचा तास. आपला ग्राहक रात्री जेवण झाल्यावर मोबाईल हातात घेतो. दिवसाच्या वीस टक्के भेटी त्या एका तासात धरू. १,६०० भेटी.

पायरी ४. प्रत्येक जण पाच पानं बघतो. तासाला ८,००० पानं. भागिले ३,६०० केलं की सेकंदाला २.२ पानं.

पायरी ५. तासाच्या आतही गर्दी सारखी नसते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक पडली की दोन मिनिटांत लोंढा येतो. म्हणून तिप्पट धरू. सेकंदाला अंदाजे ७ पानं.

पायरी ६. पहिल्या पानाला ४० रिक्वेस्ट लागतात. पुढच्या चार पानांना दहा-दहाच, कारण लोगो आणि डिझाइन ग्राहकाच्या ब्राउझरनं आधीच साठवलेलं असतं. एका भेटीत ८० रिक्वेस्ट, म्हणजे पानामागे सरासरी १६. सात गुणिले १६, म्हणजे सेकंदाला ११२ रिक्वेस्ट.

आता हाच हिशोब महिन्याच्या सरासरीनं करा. ६०,००० भेटी गुणिले ८० रिक्वेस्ट, म्हणजे ४८ लाख. महिन्याच्या २५,९२,००० सेकंदांनी भागा. उत्तर सेकंदाला दोनपेक्षा कमी. सरासरी २, गर्दी ११२. साठपट फरक! होस्टिंगवाल्याला महिन्याचा आकडा सांगितला की त्याच्या डोळ्यासमोर २ येतात, आणि दिवाळीत तुमच्यासमोर ११२ उभे राहतात.

पायरी ७. एमबी. पहिलं पान २ एमबी, पुढची चार अर्धा-अर्धा एमबी, म्हणजे भेटीमागे ४ एमबी. पानामागे सरासरी ०.८ एमबी. गुणिले ७ म्हणजे सेकंदाला ५.६ एमबी, साधारण ४५ एमबीपीएस. महिन्याचे ६०,००० गुणिले ४ म्हणजे २४० जीबी. तुमच्या प्लॅनमध्ये महिन्याला १०० जीबीची मर्यादा असेल तर ती दुसऱ्या आठवड्यातच संपेल.

९८ टक्के हिट, तरी साइट बंद?

आता कॅश मध्ये आणू. सेकंदाला ११२ रिक्वेस्ट. त्यातली ७ पानं, बाकी १०५ फोटो वगैरे. फोटो सगळे कॅशमधून जातील. सात पानांतली पाच (होम पेज, डाळीचं पान, पापडाचं पान) कॅशमधून जातील. उरली दोन, कार्ट आणि पेमेंटची. ती गोदामात जाणार.

११२ पैकी ११० कॅशमधून. हिट रेशो ९८ टक्के. डॅशबोर्डवर हिरवं-हिरवं दिसतं आणि आपण खूश. पण जरा थांबा. जी दोन टक्के मागे जातात, तीच पैसे देणारी माणसं आहेत. नुसता बघून जाणारा काउंटरवरूनच परततो. विकत घेणारा मात्र गोदामातून जातो. म्हणून कॅशमधून किती गेलं यापेक्षा कॅश ओलांडून मागे किती गेलं, तो आकडा मोजायचा.

मागे जागा किती असते? साध्या होस्टिंगमध्ये एकाच वेळी ठराविकच पानं बांधता येतात. त्या माणसांना पीएचपी वर्कर म्हणतात. काही पॅनेलवर 'एंट्री प्रोसेस' असा शब्द दिसेल, तिथली मर्यादाही साधारण हाच विषय. समजा तुमच्याकडे चार वर्कर आहेत आणि एक पान बांधायला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला आठ पानं.

इथे एक साधा नियम कामाला येतो. दुकानात मिनिटाला दोन ग्राहक येतात आणि प्रत्येकाला तीन मिनिटं लागतात, तर दुकानात कायम सहा माणसं उभी दिसतील. येणाऱ्यांचा वेग गुणिले लागणारा वेळ. याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध करून दाखवला. आपल्याकडे लावा.

- कॅश चालू: सेकंदाला २ पानं गुणिले ०.५, म्हणजे १ वर्कर गुंतलेला. आरामात.
- कॅश बंद: ७ गुणिले ०.५, म्हणजे साडेतीन वर्कर. चारपैकी साडेतीन! काठावर.
- कॅश बंद आणि डेटाबेस जरा दमला, पानाला एक सेकंद लागू लागला: ७ वर्कर हवेत, आहेत चार. रांग लागली, लोकांनी पुन्हा दाबलं, दहावीच्या निकालासारखी गत.

जाहिरात चालू केली की कॅश का गळतो?

हा भाग नीट वाचा. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून कोणी तुमच्या लिंकवर क्लिक केलं की पत्त्याच्या शेवटी 'एफबीक्लिड' नावाचं एक लांबलचक शेपूट जोडलं जातं, आणि ते प्रत्येक क्लिकचं वेगळं असतं. कॅशिंग सर्व्हर पत्ता बघून पुडी शोधतो. शेपूट वेगळं म्हणजे त्याच्या दृष्टीनं पान वेगळं. त्यामुळे जाहिरातीवरून आलेला प्रत्येक माणूस, तेच पापडाचं पान बघायला आलेला असूनसुद्धा, गोदामात जातो.

आपल्या नमुन्यात भेटीतलं पहिलं पान, म्हणजे सातातलं १.४ पान, असं मागे गेलं. दोनाचे जवळपास साडेतीन झाले. डॅशबोर्डवर हिट रेशो ९८ वरून ९७ झाला, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण गोदामावरचा भार सत्तर टक्क्यांनी वाढला! आणि पैसे तुम्ही जाहिरातीला दिलेत.

उपाय सोपा आहे. कॅशच्या सेटिंगमध्ये 'ही शेपटं दुर्लक्षित करा' अशी यादी टाकता येते. 'एफबीक्लिड', 'जीक्लिड' आणि 'यूटीएम'नं सुरू होणारी नावं त्यात टाकून घ्या. तुमच्या साइटवाल्याला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

अजून चार गळत्या तपासा.

- क्लाउडफ्लेअर लावलं म्हणजे सगळं कॅश झालं असं नाही. मूळ सेटिंगमध्ये ते फोटो आणि डिझाइनच्या फाइल साठवतं, पण तुमचं एचटीएमएल पान साठवत नाही. पान मागेच जातं. त्यासाठी वेगळा नियम लावावा लागतो.
- व्हार्निश मूळ सेटिंगमध्ये कुकी असलेल्या रिक्वेस्टला कॅशमधून उत्तर देत नाही. मोजमापाच्या साध्या कुकीमुळेही हिट बुडतात.
- सेलच्या वेळी भाव बदलून 'सगळा कॅश साफ करा' बटण दाबू नका. सगळ्या पुड्या फेकून दिल्या आणि त्याच क्षणी दुकान उघडलं, असं होतं. भाव तासभर आधी बदला, बदललेलीच पानं साफ करा, आणि मुख्य पानं स्वतः एकदा उघडून पुड्या बांधून ठेवा.
- उलट बाजूची चूक त्याहून वाईट आहे. कार्ट, लॉगिन आणि पत्त्याचं पान कधीही कॅशमध्ये ठेवू नका. एका ताईचा पत्ता आणि फोन नंबर दुसऱ्याच ग्राहकाला दिसला तर दुकानाची पत गेली समजा.

अंदाज झाला, आता कस लावून बघा

अंदाज कागदावरचा असतो. काटा खरा की खोटा हे वजन ठेवूनच कळतं. याला बेंचमार्किंग म्हणतात, म्हणजे खोटी गर्दी पाठवून सर्व्हर कुठे दमतो ते बघणं. अपाचे बेंच, डब्ल्यूआरके, जेमीटर, के-सिक्स ही फुकट मिळणारी साधनं आहेत. चालवून देणारा मुलगा तुमच्या तालुक्यात मिळेल. पण काय मोजायचं ते तुम्ही सांगायचं. नियम असे.

१. फक्त स्वतःची साइट, आणि होस्टिंगवाल्याला आधी कळवून. दुसऱ्याच्या साइटवर असा लोड टाकणं म्हणजे हल्ला.

२. जमलं तर साइटची नक्कल करून तिच्यावर टेस्ट करा. खऱ्या दुकानाच्या पेमेंट पानावर टेस्ट केली तर खोट्या ऑर्डर पडतील आणि स्टॉक कमी होईल.

३. घरच्या इंटरनेटवरून टेस्ट नको. आपल्याला ४५ एमबीपीएस लागतात. घरची लाइन ३० ची असेल तर सर्व्हरच्या आधी तीच दमेल, आणि तुम्ही नाव सर्व्हरचं घ्याल. भाड्याचा एखादा क्लाउड सर्व्हर तासाभरासाठी घ्या. दहा मिनिटांच्या टेस्टला तीन-साडेतीन जीबी डेटा जाईल, तो प्लॅनमधूनच जाणार हेही धरा.

४. एकच पान हजार वेळा मागू नका. अपाचे बेंच एकच पत्ता मारत राहतं आणि पानातले फोटो उतरवत नाही. त्यात फक्त काउंटरचा वेग दिसतो, आकडा भलामोठा येतो आणि तोच लोकं अभिमानानं दाखवतात. तुमच्या लॉगमध्ये बघा की खरे ग्राहक कुठली पानं किती प्रमाणात मागतात, आणि तेच मिश्रण टेस्टमध्ये टाका. जेमीटर आणि के-सिक्समध्ये हे जमतं.

५. दोनदा मोजा. एकदा रिकाम्या कॅशवर, एकदा भरलेल्या कॅशवर. पहिला आकडा तुमचा वाईट दिवस, दुसरा चांगला.

६. लोड पायरीपायरीनं वाढवा. नमुना निकाल असा दिसतो.

- एकावेळी २५ जोडण्या: सेकंदाला ८० रिक्वेस्ट, उत्तर ०.३१ सेकंदात
- ५० जोडण्या: १५० रिक्वेस्ट, ०.३३ सेकंद
- १०० जोडण्या: २१० रिक्वेस्ट, ०.४८ सेकंद
- २०० जोडण्या: २१५ रिक्वेस्ट, ०.९३ सेकंद
- ४०० जोडण्या: २०५ रिक्वेस्ट, १.९५ सेकंद, आणि एरर सुरू

शंभरनंतर काय झालं बघा. गर्दी दुप्पट केली, काम तेवढंच झालं, फक्त वाट बघणं दुप्पट झालं. हीच सर्व्हरची खरी क्षमता, २१० च्या आसपास. आणि हे आकडे खरे आहेत का ते लिटलच्या नियमानं पडताळता येतं. २१० गुणिले ०.४८ म्हणजे १०० च्या जवळ. जुळलं. कोणी दिलेल्या रिपोर्टमध्ये हे जुळत नसेल तर "टेस्ट कशी घेतली?" असं विचारा.

क्षमतेच्या सत्तर टक्केच आपले समजा. २१० चे सत्तर टक्के म्हणजे १४७. आपली गरज ११२. म्हणजे बसतंय. मग फक्त कॅशमध्ये न जाणाऱ्या पानांची वेगळी टेस्ट घ्या. मागून सेकंदाला आठ निघतात आणि जाहिरातीच्या दिवशी गरज साडेतीनची, तर ठीक. पाचच निघत असतील तर सत्तर टक्क्यांच्या हिशोबानं आपले साडेतीनच उरतात, म्हणजे काठावर. मोठा प्लॅन घेण्याआधी शेपटांचा नियम लावा, फोटो हलके करा, नको ती प्लगइन काढा. यातलं बरंचसं फुकट होतं.

आणि सरासरी वेळेवर विसंबू नका. 'पंच्याण्णव टक्के लोकांना किती वेळात उत्तर मिळालं' तो आकडा मागा. नव्वद जणांना पाव सेकंद आणि दहा जणांना आठ सेकंद लागले, तर सरासरी एका सेकंदाच्या आसपास, छानच दिसते. ते दहा जण मात्र निघून गेलेले असतात.

आपल्या भागातल्या ग्राहकाचं काय?

तुमचा ग्राहक झरी जामणीत किंवा महागावच्या एखाद्या पाड्यावर, एक कांडी रेंजवर पान उघडत असेल तर उत्तर त्याच्यापर्यंत हळूहळू उतरतं. तेवढा वेळ वर्कर अडकून बसू शकतो. मध्ये कॅशिंग सर्व्हर असेल तर तो मागून पान झटकन घेतो आणि ग्राहकाला सावकाश देत बसतो, मागचा माणूस मोकळा. म्हणून ग्रामीण ग्राहक असलेल्या दुकानाला कॅशचा फायदा हिट रेशोच्या पलीकडेही मिळतो.

क्लाउडफ्लेअरच्या केंद्रांच्या यादीत मुंबईबरोबर नागपूरही आहे. पण आपल्या ग्राहकाची रिक्वेस्ट नागपुरातच जाईल अशी खात्री नसते, ते त्याच्या मोबाईल कंपनीच्या मार्गावर ठरतं. म्हणून टेस्ट यवतमाळच्या मोबाईल डेटावरही एकदा हातानं करून बघा. पान उघडा, घड्याळ लावा. क्षमता कळणार नाही, पण ग्राहकाला काय वाटतं ते कळेल.

होस्टिंगवाल्याला विचारायचे पाच प्रश्न

१. एकाच वेळी किती पीएचपी वर्कर किंवा एंट्री प्रोसेस मिळतील?
२. तुमचा कॅश एचटीएमएल पान साठवतो की फक्त फोटो?
३. जाहिरातीची शेपटं दुर्लक्षित करायची सोय आहे का?
४. हिट आणि मिस वेगवेगळे दाखवणारा लॉग मला बघायला मिळेल का?
५. मर्यादा ओलांडली तर साइट हळू होते, बंद होते, की जास्तीचं बिल येतं?

या पाचची सरळ उत्तरं देणारा माणूस थोडा महाग पडला तरी परवडतो. "अनलिमिटेड आहे सर" एवढंच म्हणणाऱ्याकडून पैसे भरायच्या आधी उत्तरं लेखी मागा.

आजचा गृहपाठ

वहीत पाच ओळी लिहा. गर्दीच्या सेकंदाला पानं किती, रिक्वेस्ट किती, एमबी किती, त्यातली मागे जाणारी पानं किती, आणि मागून सेकंदाला निघू शकणारी पानं किती. पाचवा आकडा चौथ्याच्या दीडपट तरी असेल तरच जाहिरातीचं बजेट वाढवा. नसेल तर आधी गळत्या बुजवा, मग जाहिरात. साइट अजून सुरूच झाली नसेल तरी अंदाजानं आकडे भरा, आणि दर महिन्याला खरे आकडे शेजारी लिहीत जा. तीन-चार महिन्यांत तुमचा अंदाज तुमच्या दुकानापुरता कोणत्याही तज्ज्ञाइतका पक्का होईल.

पुढच्या व्हिडिओत लॉग फाइल उघडून हिट-मिस कसे मोजायचे ते स्क्रीनवर करून दाखवतो. तोवर वही भरून ठेवा. भेटू!